आधी नहाणी, मग बीम

अगं, फोटो पाहिला. बाथरूमखालच्या बीमच्या तळातून सळई दिसतेय आणि कंत्राटदार म्हणतोय, "दोन दिवसांत प्लॅस्टर मारून देतो, मॅडम." त्याला हो म्हणू नकोस. इतकी वर्षं इमारतींची ऑडिटं करतेय, पण उघड्या बीमपेक्षा प्लॅस्टरने झाकलेल्या बीमची मला जास्त धास्ती वाटते. आत काय चाललंय ते मग कुणाला दिसतच नाही.

सळई गंजली कशी, ते आधी बघ. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून त्यातल्या लोखंडावर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला की तो गुण जातो. मुंबईच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड त्यात भर घालतं, आणि वर गळकं बाथरूम असलं की मग विचारायलाच नको. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, म्हणून तो काँक्रीटचे ढलपे पाडतो.

तेव्हा पहिला खर्च वरच्या नहाणीवर. पाणी थांबलं नाही तर खालचं काम कितीही महाग करा, पुन्हा गंजणार. वरच्या काकू रागावतील, रागावू देत.

इंजिनिअर आला की ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायला सांग. गुलाबी झालं तर अल्कधर्मीपणा शाबूत आहे, रंग आलाच नाही तर कार्बोनेशन तिथवर पोचलंय. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठपर्यंत येतो, तेही खडूने आखून घ्या.

मग टेकू. यावर मात्र अडून बस. बीमवरचा भार जॅकवर न घेता नवी सळई आणि नवं काँक्रीट चढवलं, तर आधीचं सगळं ओझं जुनी मंडळीच वाहतात आणि नवी पाहुण्यासारखी नुसती बसून राहतात. टेकूही खालच्या मजल्यांमधून थेट पक्क्या जमिनीपर्यंत न्यायचे, नाहीतर सगळा भार खालच्या स्लॅबवर येतो.

फोडताना सळईच्या मागे बोट जाईल इतकं काँक्रीट काढायचं आणि गंज संपतो त्याच्याही थोडं पुढे जायचं. नुसता वाईट तुकडा भरला तर ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, सळई नव्याने गंजू लागते. हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. पुढे सळई घासून चकचकीत करायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि जिथे ती बारीक झाली असेल तिथे हिशोब करून नवी जोडायची. वरवरचं नुकसान पॉलिमर मॉर्टरने भरतं. खोल असेल तर साचा बांधून मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट लागतं. जॅकेटने बीमचं वजनही वाढतं, म्हणून कॉलम तपासायला सांग.

कुणी कार्बन फायबरची पट्टी सुचवेल. चांगली वस्तू आहे, पण ती सडक्या काँक्रीटवर चिकटवायची नसते, आणि तिला धरून ठेवणारा इपॉक्सी आगीच्या उष्णतेत मऊ पडतो. खालच्या दुकानाच्या भट्टीवरच्या बीमला तर मी ती सहज देणार नाही.

कमिटी कुरकुर करत असेल तर सांग, मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. तुमची तर केव्हाच त्यापुढे गेलीय. आणि कोटेशन ठोक रकमेचं घेऊ नका. फोडल्याशिवाय आत किती सडलंय ते कळत नाही. दर प्रति चौरस मीटर आणि प्रति किलो सळई ठरवा, आणि प्रत्यक्ष मोजमाप इंजिनिअरच्या सहीने होऊ दे. तोवर त्या बीमखाली पोरांना खेळू देऊ नकोस.