गिरसप्पाचं पाणी गेलं कुठे?

(जोग. शिमोग्याच्या बाजूचा कठडा. दिवाळीच्या सुट्टीमुळे मरणाची गर्दी. आई-बाबा कणसांच्या गाडीपाशी अडकलेत. अकरावीतला अन्वय आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेली त्याची शालनमावशी तेवढे पुढे आलेत.)

अन्वय : मावशी, हाच का तो गिरसप्पा? कोल्हापुरापासून गाडीत अंग आंबवून घेतलं, आणि इथे बघ, चारातल्या दोन धारा म्हणजे नुसत्या ओल्या रेघा!

मावशी : मार्चात आला असतास तर रेघाही शोधाव्या लागल्या असत्या. डावीकडून बघत ये. सरळ कोसळतो तो राजा. त्याच्या शेजारच्या कपारीतून तिरका धावत येऊन त्याला मिळतो तो रोअरर. पुढचा, झोत फेकणारा, रॉकेट. आणि खडकाला अंग घासत फेसाळत उतरते ती राणी. राजाची उडी 253 मीटरची, म्हणजे 830 फूट.

अन्वय : आंबोलीचा धबधबा दिवाळीला आटतो, ते समजू शकतं. पण ही तर चांगली नदी आहे ना?

मावशी : इथेच तर खरी गोम आहे. आंबोलीचं पाणी वरच्या सड्यावरचं, पाऊस थांबला की संपलं. शरावतीचं तसं नाही. सह्याद्रीतल्या कृष्णेसारख्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात. पश्चिमेला उतरणाऱ्या बहुतेक आखूड, उगम पावल्या की लगेच कड्यावरून खाली. शरावतीही पश्चिमेचीच, होन्नावरच्या समुद्रापर्यंत जेमतेम 128 किलोमीटर. पण तीर्थहळ्ळी तालुक्यात अंबुतीर्थाला निघाल्यावर ती उडी मारायची घाई करत नाही. मलनाडच्या पठारावर फिरत मोठ्या मुलुखाचं पाणी गोळा करते, आणि मग इथे कड्याला येते.

अन्वय : मग ते गोळा केलेलं पाणी कुठंय?

मावशी : वरच्या अंगाला, सहाएक किलोमीटरवर. लिंगनमक्की धरण, 1964 सालचं. साठा सुमारे 152 टीएमसी, आपल्या कोयनेच्या जवळजवळ दीडपट. तिथून पाणी वळवतात, नळांतून उतरवतात, टर्बाइनं फिरवतात आणि धबधब्याच्या खाली परत नदीत सोडतात. धबधबा वगळून सगळं. शरावती वीजकेंद्राची क्षमता 1035 मेगावॅट आहे. त्याच्याही आधीचं, 1948 च्या सुमाराचं केंद्र खाली दरीत आहे. त्याला आता महात्मा गांधींचं नाव आहे. त्याच्यासाठी हिरेभास्कर धरण बांधलं होतं, ते लिंगनमक्कीच्या पाण्यात बुडालं.

अन्वय : धरणात धरण बुडालं?

मावशी : उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की भिंत वर येते. गावंही बुडाली. माणसं उठून जिकडे जागा मिळाली तिकडे गेली. आपण इथे येऊन पाणी कमी म्हणून कुरकुरतो.

अन्वय : पण एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यातून वीज ढिगानं मिळत असेल.

मावशी : काढ मोबाइल. गच्चीवरची हजार लिटरची टाकी, म्हणजे एक टन पाणी. राजाच्या उंचीवरून सोडून दे.

अन्वय : वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची... साधारण पंचवीस लाख ज्यूल. छत्तीस लाखांचं एक युनिट. म्हणजे 0.69? एक युनिटसुद्धा नाही?

मावशी : त्यातलंही थोडं यंत्रात जिरणार. 0.6 धर.

अन्वय : म्हणजे अख्खी टाकी गिरसप्पावरून ढकलायची, आणि पदरात काय, रात्रभराचा एक पंखा!

मावशी : तेवढंच. म्हणून तर नदीच्या नदी लागते, आणि मोठ्या केंद्रासाठी ती याहून जास्त उताराच्या जागी वळवून नेतात. धरण भरलं आणि दरवाजे उघडले, तरच इकडे भरपूर पाणी येतं. तेही चांगल्या पावसाच्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबरकडे. तेव्हा चारी धारा ओळखू येत नाहीत, सगळा कडाच पांढरा. आपला भंडारदऱ्याचा रंधाही असाच, धरणातून पाणी सुटण्याची वाट बघणारा. वीज घ्यावी, माझी काही तक्रार नाही. पण आज वरून किती पाणी सोडलंय, एवढं एका फळ्यावर लिहून लावायला काय हरकत आहे?

अन्वय : आणि समोरच्या काठावर तो बंगला कसला?

मावशी : बॉम्बे बंगला.

अन्वय : इथे मुंबई कुठून आली?

मावशी : पलीकडचा उत्तर कन्नड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, हा काठ म्हैसूरचा. राजा कोसळायचा तो दोन राज्यांच्या हद्दीवर. मुंबईच्या साहेबांनी आपल्या काठावर बंगला बांधला, म्हैसूरनं आपल्या.

अन्वय : खाली उतरायचं?

मावशी : चौदाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तू जा, माझे गुडघे इथे कणीस खातील.

अन्वय : मग पुढच्या ऑगस्टात परत येऊ.

मावशी : ये, पण मुक्कामाला ये. पावसाळ्यात दरी धुक्यानं भरली की नुसता आवाज ऐकत बसावं लागतं. मध्येच वारा सुटतो आणि मिनिटभर सगळं दिसतं. सकाळी येऊन दुपारी परत, असं जमत नाही. बाबांना आत्ताच सांग, रजा टाकून ठेवतील.