नमुन्यासोबत कोरी बाटलीही पाठवा

सोनपेठ तालुक्यातल्या एका विहिरीच्या पाण्यात एन्डोसल्फान हे कीटकनाशक निघालं आणि अहवाल नीट वाचायच्या आतच गावात भांडण लागलं. वरच्या अंगाच्या कापूसवाल्यानंच पाणी नासवलं, असं लोकांनी ठरवून टाकलं. बायका लांबच्या हातपंपावर जाऊ लागल्या.

मला बोलावलं होतं नमुना पुन्हा घ्यायला. आधीचं पाणी कशानं काढलं, हे मी पहिल्यांदा विचारलं. "आपल्याच बादलीनं की सर! साबणानं घासून घेतली होती." ती बादली वर्षानुवर्षं फवारणीचं औषध कालवायला वापरलेली.

मग दोन बाटल्या भरल्या. एकीत विहिरीचं पाणी, तेही थेट. दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, त्याच बादलीत खळबळून. कुठली कोणती, हे प्रयोगशाळेला सांगितलं नाही. एन्डोसल्फान निघालं ते बादलीतल्या पाण्यात. विहिरीच्या पाण्यात काही नव्हतं.

यात नवल नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एन्डोसल्फानची मर्यादा लिटरला ०.४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर भरले, तर त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. बाटलीभर पाण्यात ही मर्यादा ओलांडायला लागतं तेवढं तर बादलीच्या ओरखड्यातही राहतं.

यंत्रही फसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९१० च्या सुमारास बरण्यांत बंद करून ठेवलेली माती १९७० च्या आसपास तपासली, तर तिच्यात क्लोरीनयुक्त कीटकनाशकं असल्याचं दिसलं. डीडीटी किडे मारतं हे कळलं १९३९ साली! मातीतल्या दुसऱ्याच घटकांना यंत्रानं कीटकनाशक मानलं होतं. जुन्या पद्धतीच्या डिटेक्टरला गंधकही चकवतं, प्लॅस्टिकमधून उतरणारी द्रव्यंही. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरवर खात्री केली का, हे विचारायला लाजू नका.

बंदी आहे म्हणजे सापडणारच नाही, असंही समजू नये. शेतीतलं डीडीटी १९८९ पासून बंद, एन्डोसल्फान २०११ पासून. पण असली द्रव्यं मातीत दीर्घकाळ टिकतात. खरं सापडणं आणि खोटं सापडणं वेगळं काढायचं, तर ब्लँक, म्हणजे कोरी बाटली, हवीच. प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी विहिरीवर नेऊन, तिथंच उघडून, त्याच हातांनी त्याच साधनांतून दुसऱ्या बाटलीत ओतायचं. त्यातही द्रव्य निघालं तर आकडा वजा करून भागवू नका, नमुना पुन्हा घ्या. सकाळी फवारणी केलेल्या माणसानं बाटलीला हात लावायचा नाही. बर्फाचा डबा औषधाच्या कॅनशेजारी ठेवायचा नाही.

बाटली मात्र द्रव्यानुसार बदलते. अशा कीटकनाशकांसाठी तपकिरी काच आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण चालतं. पीएफएएस नावाच्या 'कायमच्या रसायनां'साठी तेच टेफ्लॉन घात करतं. तिथं पॉलिप्रॉपिलीनची बाटली, आणि अंगावर जलरोधक रेनकोटसुद्धा नको. अशी रसायनं बनवणाऱ्या, इटलीतल्या त्रिसिनोच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं रत्नागिरीतल्या लोटे-परशुरामला आल्यापासून या रसायनांची चर्चा आपल्याकडेही आहे. उद्या कुणी तिथलं पाणी तपासायला निघालं, तर आधी बाटलीचं झाकण तपासावं.

सोनपेठच्या त्या गावात लोकांचं आणि कापूसवाल्याचं बोलणं अजून सुरळीत झालेलं नाही. तेव्हा अहवाल हातात आला की शेजाऱ्याच्या बांधावर जाण्याआधी ब्लँकचा आकडा बघा. तो छापलेला नसेल, तर प्रयोगशाळेकडून लेखी मागून घ्या.