कळंब कोणतं? – पत्ता आणि पिनकोड शिकवताना



तिसरीच्या वर्गात पोस्टकार्डाचा उपक्रम घेतला होता. एका मुलाने गावाकडच्या आजोबांना पत्र लिहिलं. आजोबांनी लगेच उत्तर पाठवलं, पण पत्ता लिहिला 'कळंब, महाराष्ट्र'. ते आलंच नाही. पोर रोज विचारायचं, "बाई, आलं का?" चूक माझीच होती. मी पत्र लिहायला शिकवलं, पण स्वतःचा पूर्ण पत्ता कळवायला शिकवलं नाही.

मग नकाशा काढला. आपलं कळंब वसई तालुक्यात, समुद्रकिनारी. दुसरं कळंब धाराशिव जिल्ह्यात, तिसरं यवतमाळ जिल्ह्यात, आणि ती दोन्ही तालुक्याची गावं! मुलं थक्क झाली.

हाच घोळ सोडवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस होते. सहा अंकांपैकी पहिला अंक मोठा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाचा छाननी जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारं पोस्ट ऑफिस. आपल्याकडे सुरुवात ४०१, धाराशिवच्या कळंबला ४१३, यवतमाळच्या कळंबला ४४५.

इथे मुलांचा हमखास गोंधळ होतो, तो आधीच सोडवा. टपालाचा जिल्हा आणि सरकारी जिल्हा एकच नसतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पण आपले अंक बदलले नाहीत. भाईंदर ठाणे जिल्ह्यात असूनही त्याचा पिन ४०१ ने सुरू होतो आणि वाडा पालघरमध्ये असून ४२१ ने. गोव्याचा पिनसुद्धा ४ नेच सुरू होतो. म्हणजे एकाच जमिनीची वाटणी कामाप्रमाणे वेगवेगळी होते : टपालासाठी एक, महसुलासाठी दुसरी. म्हणून एखाद्या मुलाने आजीचं ऐकून 'जिल्हा ठाणे' लिहिलं, तर नुसती लाल फुली मारू नका. आजीच्या जुन्या कागदांवर तेच आहे. २०१४ साली काय झालं, ते त्याला समजावून सांगा.

घरी करून बघा : मुलाला नाव, घर, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड अशा सहा ओळी न बघता लिहायला सांगा. गर्दीत हरवलेल्या मुलालाही याच ओळी घरी आणतात.

आमच्या त्या विद्यार्थ्याने आजोबांना दुसरं पत्र लिहिलंय. या वेळी आपला पत्ता आणि पिनकोड त्याने सगळ्यात आधी, मोठ्या अक्षरात लिहिला.