दबलेली नस आणि शस्त्रक्रियेची निवड



कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी फाटून आतला मऊ गर बाहेर आला आणि त्याने शेजारची नस दाबली, म्हणजे कळ कमरेपेक्षा पायात अधिक मारते. नितंबापासून पावलापर्यंत उतरणाऱ्या या कळेलाच सायटिका म्हणतात. या दुखण्याच्या मुळाशी गादीचा गर असतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले आणि त्यातूनच आजच्या शस्त्रक्रिया उभ्या राहिल्या.

शस्त्रक्रियेचे नाव विचारण्याआधी नस कशाने दबली आहे ते विचारावे, कारण निवड त्यावरच ठरते. नुसता गर बाहेर आला असेल तर मायक्रोडिसेक्टमी, म्हणजे लहान छेदातून सूक्ष्मदर्शकाखाली नसेवरचा तेवढाच तुकडा काढणे, पुरते. गादी बहुतांशी जागेवरच राहते, म्हणून काही रुग्णांत गर पुन्हा बाहेर येतो. हेच काम दुर्बिणीनेही होते आणि त्याची जाहिरातही भरपूर होते, परंतु छेद किती लहान यापेक्षा शल्यचिकित्सकाचा हात त्या पद्धतीवर किती बसला आहे याला मोल अधिक. उतारवयात हाडे व अस्थिबंध जाड होऊन नसांची वाट अरुंद झाली असल्यास मणक्याच्या मागच्या कमानीचा भाग काढतात, ती लॅमिनेक्टमी. स्क्रू व सळ्या घालून दोन मणके जखडण्याचे फ्यूजन हे मुख्यतः मणका सरकलेला वा अस्थिर असेल तेव्हाचे काम. पहिल्यांदाच फाटलेल्या साध्या गादीसाठी कोणी ते सुचवले तर कारण विचारण्यास भीड धरू नये आणि दुसरे मत घ्यावे.

घाईविषयी सांगायचे तर, नेदरलँड्समधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटाची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्णांनी बरे वाटत असल्याचे सांगितले, मात्र थांबण्याच्या गटातील ३९ टक्के रुग्णांवर दरम्यान शस्त्रक्रिया झालीच होती. म्हणजे कळ सोसवत असेल तर थांबण्यात धोका फारसा नाही, आणि सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया करून घेण्यात कमीपणा नाही. पायाचा अंगठा वर उचलता येईनासा झाला किंवा टाचांवर चालताना पाऊल खाली पडू लागले तर मात्र दिवस काढू नयेत. आणि लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली तर रात्र असली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

एमआरआयवर पूर्णपणे विसंबू नये, कारण कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्या गाद्याही त्यात फुगलेल्या दिसतात. चित्रातली दबलेली नस आणि पायातली कळ यांची बाजू व वाट जुळली, तरच शस्त्रक्रियेचा लाभ होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना अहवालाबरोबर फिल्मही न्यावी आणि कळ कुठून कुठे जाते ते पायावर बोट फिरवून दाखवावे.