एकी आणि संगनमत : 'कार्टेल' शब्दाचा विचार

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मक्तेदारीचे प्रकरण संपता संपता 'कार्टेल' हा शब्द येतो आणि दोन-चार ओळींत निघून जातो. परीक्षेपुरते तेवढे पुरेसे असते. परंतु भाववाढीच्या बातम्या वाचताना मला असे जाणवते, की मक्तेदारी, साठेबाजी, साटेलोटे, संगनमत हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शब्द चुकला की दोषही भलत्याच्याच माथी बसतो. म्हणून या शब्दाची थोडी फोड करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिनमधील 'कार्टा' म्हणजे कागद. त्यावरून इटालियन भाषेत 'कार्तेल्लो' हा शब्द झाला. द्वंद्वयुद्धाचे लेखी आव्हान, तसेच लढणाऱ्या दोन पक्षांनी कैद्यांच्या अदलाबदलीसाठी केलेला लेखी करार, असे अर्थ या शब्दाला युरोपात मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत हा शब्द उद्योगधंद्यात शिरला. अर्थ बदलला, पण गाभा राहिला : एकमेकांचे प्रतिस्पर्धी असणाऱ्यांनी आपसांत केलेला तह.

आता शेजारचे शब्द घेऊ. मक्तेदारीत विक्रेता एकच असतो. कार्टेलमध्ये विक्रेते अनेक असतात. त्यांच्या पाट्या वेगळ्या, हिशेब वेगळे. फक्त भाव, उत्पादन किंवा गिऱ्हाइकांची वाटणी आधीच ठरलेली असते. साठेबाजी एकटा व्यापारीही करू शकतो. साटेलोटे हा मूळचा सोयरिकीतला शब्द; तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी. त्यात देवघेव आहे, भावबंदी नाही. संगनमत हा शब्द सर्वांत जवळचा. पण तो कृतीचे नाव आहे. त्या कृतीतून उभी राहणारी नियमबद्ध व्यवस्था म्हणजे कार्टेल. १९२४ मध्ये विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे 'फीबस' नावाचे कार्टेल स्थापन केले. दिव्याचे आयुष्य १००० तास असावे, असे त्यांनी ठरवले आणि मर्यादा मोडणाऱ्या सभासदाला दंड ठेवला. जास्त टिकणारा दिवा बनवणे हाच तेथे अपराध ठरला!

'कार्टेल करणे' या क्रियेसाठी मराठीत 'कार्टेलीकरण' असा शब्द घडवता येईल, पण तो जिभेवर रुळणे कठीण. बांधकामाच्या निविदांच्या जगात मात्र आपल्या लोकांनी एक शब्द केव्हाच रुळवला आहे : 'रिंग करणे'. ठेकेदारांनी रिंग केली, म्हणजे कोणी किती दराची निविदा भरायची आणि काम कोणाला सोडायचे, हे पाकिटे उघडण्यापूर्वीच ठरले. हा शब्द उसना असला तरी त्याचा मराठी वापर अस्सल आहे. त्याची मर्यादा एवढीच, की तो निविदा-लिलावांपुरता राहिला.

शब्द परका असला तरी वस्तू परकी नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त, व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन माल अडवला किंवा गैरवाजवी भावाने खरेदी-विक्री केली तर एक हजार पण दंड सांगितला आहे. एकत्र येण्यासाठी तेथे 'संभूय' हा शब्द आहे. गंमत अशी, की धर्मशास्त्रात भागीदारीच्या रीतसर धंद्याला 'संभूयसमुत्थान' म्हणतात. म्हणजे एकत्र येणे हा स्वतःच दोष नव्हे; एकत्र येऊन काय केले, यावर सारे अवलंबून. परंतु याच ठिकाणी कौटिल्य एकजूट करणाऱ्या कारागिरांनाही तेवढाच दंड सांगतो. येथे मी अडखळतो. व्यापाऱ्यांचे कार्टेल आणि कामगारांची एकजूट एकाच तराजूत तोलावी काय?

हा प्रश्न आधुनिक काळातही सुटला नव्हता. अमेरिकेत १८९० चा शर्मन कायदा बड्या उद्योगांच्या एकजुटीविरुद्ध झाला. पण १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो टोपी-कामगारांच्या बहिष्काराला लावला. पुढे १९१४ च्या क्लेटन कायद्याने कामगार संघटनांना आणि १९२२ च्या कॅपर-व्होल्स्टेड कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना संरक्षण मिळाले. उलट जर्मनीत १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्टेलचे करार वैध ठरवले होते, आणि १९३३ मध्ये तर सक्तीने कार्टेल उभारण्याचा अधिकार सरकारने घेतला. तेथेच १९५८ पासून कार्टेलांवर नजर ठेवणारे स्वतंत्र कार्यालय आहे.

आपल्याकडे १९६९ च्या कायद्याच्या नावातच मक्तेदारी होती; कार्टेलची व्याख्या त्यात नव्हती. ती २००२ च्या स्पर्धा कायद्यात आली. या कायद्यानुसार प्रथम कबुली देऊन पुरावा पुरवणाऱ्या सभासदाला दंडात संपूर्ण सवलतही मिळू शकते. एप्रिल २०१८ मध्ये टॉर्च-रेडिओत घालायच्या सेलच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने तीन उत्पादक कंपन्यांना भाव संगनमताने ठरवल्याबद्दल दोषी धरले. पैकी कबुली देणाऱ्या कंपनीचा दंड पूर्ण माफ झाला. फितुरीला बक्षीस, असे कोणी म्हणेल. पण बंद दाराआडची बोलणी आतल्या माणसावाचून उघड होणे दुरापास्त असते.

तेव्हा एकी आणि कार्टेल यांतील सीमा कोठे आखावी? केवळ गुप्तता ही कसोटी पुरत नाही. जर्मनीतील जुनी कार्टेले उघड होती, आणि १९६० मध्ये बगदादला स्थापन झालेली तेलउत्पादक देशांची संघटनाही उघड आहे. मला दुसरी कसोटी योग्य वाटते. एका दुकानाचा भाव न पटल्यास पायरी उतरून दुसऱ्या दुकानात जाणे, हे गिऱ्हाइकाचे एकमेव शस्त्र असते. कार्टेल ते शस्त्र काढून घेते. दुकाने पुष्कळ दिसतात, पण भाव एकच असतो. उलट, दोन-चार क्विंटल माल घेऊन आलेला शेतकरी किंवा एकटा मजूर यांच्या हाती मुळात असे शस्त्रच नसते. एकीने त्यांना ते मिळते. मात्र ही कसोटी एकदा लावून भागणार नाही. शेतकऱ्यांच्या नावाने उभी राहिलेली संस्थाही मोठी झाल्यावर गिऱ्हाइकाची वाट अडवू शकते. तेव्हा तिलाही हाच प्रश्न विचारावा लागेल.

'एकी हेच बळ' असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते बळ कोणावर चालते, हे विचारायला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.