पोचपावतीवरची तारीख

बेकारी भत्ता म्हणजे काम मागूनही ते न मिळालेल्या अंगमेहनती मजुराला शासनाने द्यावयाची रक्कम. महाराष्ट्रात या कल्पनेचा उगम वि. स. पागे यांनी साठच्या दशकात मांडलेल्या योजनेत आहे. १९७२ च्या दुष्काळातील कामांनी तिला बळ दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. त्या कायद्यात भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तो मजुरीच्या दराशी जोडला: अर्ज पोचल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर पहिल्या तीस दिवसांसाठी दराच्या किमान चतुर्थांश आणि त्यानंतर आर्थिक वर्षाच्या उरलेल्या काळासाठी किमान निम्मा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता, म्हणजे भत्ता दिवसाला अनुक्रमे किमान ७८ आणि १५६ रुपये होत होता, आणि तो देय झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुराच्या हाती पडावा, असेही त्याच कायद्याचे कलम सांगते.

जुन्नरच्या पश्चिमेला, माळशेज घाटाच्या वाटेवरील मढ आणि भोवतालच्या वाड्यांत, तसेच आंबेगावात डिंभे धरणाच्या मागील गावांत, या रकमेचे मोल मोठे आहे. कारण येथे पाऊस भरपूर असला तरी पीक मुख्यतः भाताचे, आणि कापणी-झोडणी उरकली की शेतात काम उरत नाही. पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी कालव्याने पूर्वेकडे जाते आणि त्यामागोमाग महादेव कोळी व ठाकर कुटुंबांतील माणसेही ओतूरच्या कांद्यात, नारायणगावच्या टोमॅटोत मजुरीला उतरतात. गावातच काम मिळाले तर मुलांची शाळा सुटत नाही आणि म्हाताऱ्यांना एकटे मागे राहावे लागत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला हा भत्ता सलग तीन हंगाम मिळाला नाही, आणि तिन्ही वेळचे कारण निराळे होते. पहिल्या वर्षी काम तोंडी मागितले गेले. ‘काम निघाले की कळवतो’ या उत्तरावर विसंबून दोन महिने गेले, आणि तक्रार केल्यावर मागणीची कोठेही नोंद नसल्याचे कळले. दुसऱ्या वर्षी अर्ज लेखी दिला गेला, परंतु पोच घेतली गेली नाही, आणि संगणकात त्या अर्जाची तारीख पडली ती काम सुरू झाले त्या दिवसाची. त्यामुळे कागदोपत्री विलंब एका दिवसाचाही नव्हता. तिसऱ्या वर्षी पोच होती, पण कामावर हजर होण्याची सूचना आली तेव्हा घरातील मंडळी कांदा काढणीला गेली होती, आणि सूचनेपासून पंधरा दिवसांत कामावर न येणारा मजूर पुढील तीन महिने भत्त्यास अपात्र ठरतो, ही तरतूद तोवर घरात कोणालाच ठाऊक नव्हती. अपात्रता केवळ भत्त्यापुरती असते, काम मागण्याचा हक्क त्या काळातही शाबूत राहतो, हेही फार उशिरा समजले.

या तीन वर्षांतून दिसते ते असे की, भत्त्याचा विलंब बहुधा दावा दाखल झाल्यानंतर होत नाही. दावा जन्मालाच येऊ न देण्यात तो घडतो. यामागे एक आर्थिक कारण आहे. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे, पण बेकारी भत्त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर ठेवला होता. काम वेळेत काढावे म्हणून राज्यावर धाक राहावा, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. प्रत्यक्षात मात्र त्या धाकाने काम वेळेवर निघण्याऐवजी तारखेची पोच देण्याचेच टाळले जाते, आणि हा अन्याय आहे.

म्हणून मागणी नेहमी नमुना ४ मध्ये, लेखी आणि सलग किमान चौदा दिवसांच्या कामासाठी करावी. त्यावर जॉब कार्डचा क्रमांक लिहावा, आणि सही-शिक्क्याची, तारीख असलेली पोच तेथेच मागून घ्यावी. वाडीतील दहा-पंधरा कुटुंबांनी एकत्र अर्ज दिल्यास पोच नाकारणे अवघड जाते, हा अनुभव आहे. ग्रामपंचायतीत पोच मिळत नसेल तर अर्ज तहसीलदारांकडे द्यावा, कारण महाराष्ट्रात तेच रोजगार हमी योजनेचे तालुक्यातील कार्यक्रम अधिकारी असतात आणि तक्रार सात दिवसांत निकाली काढण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. मजुरीसाठी गाव सोडावे लागले, तर सूचना आल्याबरोबर निरोप देणारे माणूस मागे असावे.

काम मिळाल्यावर मजुरीच रखडली, तर तो प्रश्न वेगळा. मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, बंद झाल्याच्या सोळाव्या दिवसानंतर थकीत मजुरीवर रोज ०.०५ टक्के भरपाई देय होते. सहा दिवसांच्या १,८७२ रुपयांवर ती दिवसाला एक रुपयाही भरत नाही. तरीही ती मागावी, कारण हा विलंब केंद्राच्या पातळीवरचा असला तरी शासनाला जबाबदारी झटकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘स्वराज अभियान’ खटल्यात मे २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

राहिली एक गोष्ट, जी मढच्या पट्ट्यात फारशी कोणी वापरत नाही. २००५ च्या कायद्यात मागणी आगाऊ करता येते, आणि पंधरा दिवसांची मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजून संपते तो दिवस किंवा काम हवे असल्याची तारीख, यांत जे नंतरचे असेल तेथून भत्ता सुरू होतो. तेव्हा भात कापून होण्याची वाट न पाहता अर्ज दसऱ्याच्या सुमारास द्यावा, त्यात काम कोणत्या तारखेपासून हवे ते लिहावे, आणि पोच हातात पडल्याखेरीज कार्यालयाची पायरी उतरू नये.