जुनी मोटार अडखळते तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शेजारच्या काकांची जुनी लहान मोटार चोर्ला घाटात एका मालमोटारीस मागे टाकीत असता एकाएकी अडखळली. समोरून बस येत होती. काकांनी प्रसंगावधान राखून वेग कमी केला व गाडी पुन्हा मालमोटारीच्या मागे घेतली, म्हणूनच अनर्थ टळला. घरी आल्यावर कोणी म्हणाले, "प्लग बदला." कोणी म्हणाले, "कार्ब्युरेटरच नवा घाला." काकू तर म्हणाल्या, "अहो, ती गाडीच विकून टाका!" औषधाआधी निदान, हा वैद्याचा नियम मात्र कोणासच आठवला नाही. तो येथे लावून पाहू.

प्रथम कारण समजून घेऊ. जुन्या मोटारींत, उदाहरणार्थ १९८३ साली आलेल्या ७९६ घन सेंटीमीटरच्या मारुती ८०० च्या आरंभीच्या गाड्यांत, हवा व पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की झडप उघडते आणि हलकी हवा तत्काळ आत धावते. जड पेट्रोल मात्र मागे रेंगाळते. त्या क्षणी मिश्रणात पेट्रोल कमी पडते व इंजिन गुदमरते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरात एक छोटा पंप असतो. झडप उघडताच तो पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. त्याचा पडदा फाटला, किंवा पिचकारीचे छिद्र कचऱ्याने बुजले, की गाडी अडखळते.

परंतु दोष नेहमी येथेच असतो असे नाही. म्हणून गाडी केव्हा अडखळते, हे आधी विचारावे. पाय दाबताक्षणीच अडखळून मग नीट धावत असेल, तर या पंपाचा संशय घ्यावा. लांब चढावर हळूहळू दम तुटत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा, म्हणजे फिल्टर व पेट्रोलपंप, तपासावा. भार पडताच झटके बसत असतील, तर ठिणगीकडे वळावे. कारण भाराखाली सिलिंडरातील दाब वाढतो व दुबळ्या ठिणगीस प्लगची फट ओलांडणे कठीण जाते. प्लगही साक्ष देतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी, किंवा कोठून तरी फाजील हवा आत शिरत आहे.

आता पंपाची परीक्षा. ही वडीलधाऱ्यांच्या किंवा मेस्त्रींच्या देखरेखीखालीच करावी. इंजिन बंद व थंड असावे, हँडब्रेक ओढलेला असावा आणि जवळपास विडी, काडी वा दिवा नसावा. हवेच्या फिल्टरचे झाकण काढून बॅटरीच्या उजेडात दुरूनच कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे व दुसऱ्यास अ‍ॅक्सिलरेटर दाबावयास सांगावे. तत्क्षणी पेट्रोलची सरळ धार दिसली तर पंप निर्दोष. उशिरा, थेंबथेंब आली वा आलीच नाही, तर दोष सापडला.

काकांच्या गाडीत धार आलीच नाही. मेस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडला तेव्हा पंपाचा पडदा फाटलेला आढळला. तो बदलला, छिद्र साफ केले आणि गाडी पूर्ववत चालू लागली. नव्या कार्ब्युरेटरचा खर्च वाचला आणि काकूंचा रागही निवळला.

मित्रांनो, एका वेळी एकच गोष्ट तपासावी व एकच बदलावी. चार भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित सुधारेल, पण दोष कोठे होता हे कधीच कळणार नाही. आणि निदान होईपर्यंत अशा गाडीने घाटात कोणासही मागे टाकू नये. पाच मिनिटांचा उशीर भरून काढता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.